दार लावून घ्या म्हणणाऱ्यांना

विद्यापीठाने समकालीन संगीत आणि चित्र-शिल्पाचा महोत्सव भरवावा की नाही, यावर वाद निघाला की दोन ठरीव उत्तरं समोर येतात. पहिलं हिशेबनिसाचं. लोकांना काही कळत नाही, तिकिटं खपत नाहीत, मग करदात्यांच्या पैशावर ही चैन कशाला? दुसरं कलावंतांच्या बाजूने बोलणाऱ्या विद्वानांचं. लोकांना कळत नाही हे खरंच, पण कळलंच पाहिजे असं म्हटलंय कोणी? प्रगत गणित तरी लोकांना कुठे कळतं? विद्यापीठाने संशोधन समजून खर्च करावा आणि लोकांनी त्यात नाक खुपसू नये.

पहिल्या उत्तराचा समाचार अनेकांनी घेतला आहे. माझं भांडण दुसऱ्याशी आहे. ते आपल्या बाजूचं वाटतं, म्हणून त्याची उलटतपासणी कोणी करत नाही. आणि केली तर लक्षात येतं की हा वकील अशिलाचा दावा पहिल्याच तारखेला सोडून देतो. लोकांचा आणि नव्या कलेचा काही संबंध नाही, हे तो मान्य करूनच कोर्टात उभा राहतो. हिशेबनीस तरी वेगळं काय म्हणतो? एकाचं म्हणणं, संबंध नाही म्हणून बंद करा. दुसऱ्याचं म्हणणं, संबंध नाही म्हणून दार लावून चालू ठेवा. यातलं काहीही स्वीकारलं तरी महोत्सव उरत नाही.

या दुसऱ्या भूमिकेची सगळ्यात धारदार मांडणी केली ती मिल्टन बॅबिट यांनी. प्रिन्स्टन विद्यापीठातले हे संगीतकार. काही काळ गणितही शिकवलेले. १९५७च्या उन्हाळ्यात टँगलवूडला त्यांनी दिलेलं व्याख्यान फेब्रुवारी १९५८मध्ये 'हाय फिडेलिटी' या मासिकात लेखरूपाने आलं. 'तुम्ही ऐकता की नाही, पर्वा कोणाला?' अशा अर्थाचा त्याचा मथळा गाजला. तो मासिकाच्या संपादकांनी दिलेला. बॅबिट यांचा मूळ मथळा सौम्य होता, संगीतकार हा एक तज्ज्ञ आहे एवढंच सांगणारा. संपादकाच्या मथळ्यावरून लेखकाला झोडपणं हा आळशी टीकेचा प्रकार आहे. तो मी करणार नाही. लेखात जे लिहिलं आहे तेवढं मला पुरेसं आहे.

बॅबिट यांचं म्हणणं थोडक्यात असं. आजचं प्रगत संगीत इतकं गुंतागुंतीचं झालं आहे की तयारी नसलेल्या श्रोत्याला ते दुर्बोध वाटणारच. गणिताच्या किंवा भौतिकशास्त्राच्या ताज्या संशोधनाबद्दल सामान्य माणूस तक्रार करत नाही, मग संगीताबद्दल का करावी? तेव्हा संगीतकाराने सार्वजनिक जगातून सरळ अंग काढून घ्यावं. खासगी सादरीकरणं आणि इलेक्ट्रॉनिक माध्यम यांवर भागवावं. विद्यापीठाने ज्याप्रमाणे इतर ज्ञानशाखांना घर दिलं तसं यालाही द्यावं. नाही दिलं तर संगीताची वाढ थांबेल.

शेवटचं वाक्य मला मान्य आहे. बाजार नव्या संगीताला पोसणार नाही आणि कोणीतरी पोसलं पाहिजे. पण घर देणं वेगळं आणि घराला कडी घालणं वेगळं. बॅबिट पहिल्या मुद्द्यावरून दुसऱ्यावर उडी मारतात आणि त्या उडीला आधार म्हणून गणिताची उपमा पुढे करतात. ती उपमाच लंगडी आहे. गणितातला दावा चुकला तर दुसरा गणिती सिद्धतेतली चूक दाखवतो आणि मूळ गणित्याला गप्प बसावं लागतं. सुरावटीत अशी चूक कोण दाखवणार? तिची परीक्षा ती वाजल्यावर होते आणि ऐकणारा समोर असल्याशिवाय होत नाही. ऐकणारे म्हणून फक्त त्याच विभागातले चार सहकारी ठेवले, तर परीक्षा होत नाही, बढती होते.

आता हे सगळं हवेत राहू नये म्हणून एका विद्यापीठाकडे येतो. योगायोग असा की बॅबिट टँगलवूडला बोलले त्याच वर्षी, काही महिने आधी, त्यांच्या सिद्धान्ताचं उत्तर तिकडे इलिनॉयमध्ये रंगमंचावर येऊन गेलं होतं.

अर्बाना-शॅम्पेन इथलं इलिनॉय विद्यापीठ हे शेतीच्या मुलखातलं सरकारी विद्यापीठ. १८६७मध्ये ते निघालं ते शेतकी आणि यंत्रविद्या शिकवण्यासाठी. चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन. न्यूयॉर्कची कलादालनं इथून हजारभर किलोमीटरच्या पलीकडे. या ठिकाणी १९४८मध्ये 'फेस्टिव्हल ऑफ कंटेम्पररी आर्ट्स' सुरू झाला; आधी दरवर्षी, पुढे वर्षाआड. समकालीन अमेरिकन चित्रांचं मोठं प्रदर्शन, पुढे त्यात शिल्पंही, आणि जोडीला नवं संगीत, नाटक, नृत्य, व्याख्यानं. प्रदर्शनातून विद्यापीठ काही कामं विकत घेत असे. १९६१मध्ये क्रॅनर्ट कला संग्रहालय उघडलं, तेव्हा त्याच्या आधुनिक संग्रहाचा पाया या खरेद्यांनी आधीच घातला होता. ज्यांच्या नावाने संग्रहालय आहे ते हर्मन क्रॅनर्ट पुठ्ठ्याच्या खोक्यांचे कारखानदार. पुठ्ठ्याच्या पैशातून अमूर्त चित्रांना भिंती मिळाल्या, याचं आमच्या हिशेबनिसांना वाईट वाटत असेल तर त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

मार्च १९५७च्या महोत्सवात हॅरी पार्च यांचं 'द बिविच्ड' झालं. पार्च म्हणजे बॅबिट यांच्या चित्रात कुठेच न बसणारा माणूस. पदवी नाही, प्राध्यापकी नाही. महामंदीच्या काळात मालगाड्यांतून फिरलेला भटक्या. सप्तकाचे बारा भाग त्यांना पटत नव्हते. त्यांनी त्रेचाळीस केले. बाजारातली वाद्यं त्या सुरांना उपयोगाची नव्हती, म्हणून स्वतः घडवली. त्यातलं एक वाद्य म्हणजे टांगलेल्या काचेच्या मोठ्या वाट्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या किरणोत्सर्ग प्रयोगशाळेतल्या काचेच्या मोठ्या बाटल्या कापून त्या केलेल्या. भौतिकशास्त्राकडून संगीतकाराने काही घ्यायचंच असेल तर ते असं घ्यावं. उपमा घेण्यापेक्षा बरं.

पार्च यांचा आग्रह असा की वाद्यं रंगमंचावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हवीत. ती आकाराने शिल्पांसारखी होती आणि तीच नेपथ्य. वादक खड्ड्यात लपलेले नकोत, त्यांनी अंगाने, वेशाने, आवाजाने नाटकात उतरायला हवं. 'द बिविच्ड'मध्ये वादकांचा ताफा हाच कोरस आहे. संगीत आणि दृश्यकला एका महोत्सवात का ठेवायची, या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. दोन्ही विभागांचा खर्च एका मांडवाखाली भागावा म्हणून नव्हे. ज्या कामाला डोळा आणि कान वेगळे काढताच येत नाहीत, त्याला विद्यापीठात दुसरी जागाच नसते म्हणून. संगीत विभाग म्हणणार हे सुतारकाम आहे, चित्रकला विभाग म्हणणार हे वाजतं.

एप्रिल १९६१मध्ये याच विद्यापीठात पार्च यांचं 'रेव्हलेशन इन द कोर्टहाउस पार्क' झालं. युरिपिडीजच्या 'बॅकी' या ग्रीक नाटकाला त्यांनी अमेरिकन गावातल्या चौकात आणलं, आणि मद्यदेव डायोनिससच्या जागी मुली ज्याच्यामागे वेड्या होतात असा गायक-तारा उभा केला. मंचावर त्यांच्या वाद्यांसोबत बँड होता, कसरती करणारे होते. हे कसरतपटू आणि हे बँडवाले आणायचे कुठून? विद्यापीठात ते असतातच. कोणत्या व्यावसायिक नाट्यगृहाला हे परवडलं असतं? आणि बॅबिट यांच्या खासगी सादरीकरणाच्या खोलीत हे मावलं तरी असतं का?

इलिनॉयची गोष्ट गोडच होती असं सांगणारा मी नाही. पार्च यांना संगीत विभागाने कधी आपलं मानलं नाही. नृत्यदिग्दर्शक ॲल्विन निकोलाय यांच्याशी 'द बिविच्ड'च्या वेळी त्यांचं कडाक्याचं वाजलं. पार्च यांना तिथे आणण्यात आणि टिकवण्यात बेन जॉन्स्टन या, एकेकाळी त्यांच्याकडे उमेदवारी केलेल्या, तरुण अध्यापकाचा वाटा होता. १९६२मध्ये पार्च आपली वाद्यं उचलून निघून गेले. विद्यापीठं विद्यापीठांसारखीच वागतात. पण महोत्सवाची ताकद इथेच दिसते: विभागाला जो नको होता, त्याच्यासाठी महोत्सवाने रंगमंच काढून दिला. बॅबिट यांच्या योजनेत विभागाच्या पलीकडे काही नाहीच, त्यामुळे तिथे पार्चला जागा असण्याचा प्रश्न येत नाही.

यावर बॅबिटपंथीय म्हणतील, हा माणूस विक्षिप्त होता, एका विक्षिप्तावरून नियम काढू नका. ठीक. मग अगदी प्रयोगशाळेतलाच माणूस घेऊ. लेजारेन हिलर हे रसायनशास्त्राचे डॉक्टर. प्रिन्स्टनला रसायन शिकताना त्यांनी संगीतरचनेचे धडे ज्यांच्याकडे घेतले त्यांत स्वतः बॅबिट होते. इलिनॉयच्या रसायन विभागात असताना हिलर यांनी लिओनार्ड आयझॅक्सन यांच्यासोबत विद्यापीठाच्या इलियाक संगणकाकडून तंतुवाद्य-चौकडीसाठी 'इलियाक सूट' रचून घेतला, सादरीकरण १९५६चं. संगणकाने रचलेल्या संगीतातलं हे सुरुवातीचं मोठं काम. १९५८मध्ये त्यांनी तिथे प्रायोगिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. कोंडून घेऊन संशोधन करण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो यांनाच. त्यांनी काय केलं?

१९६७ ते १९६९ संगीतकार जॉन केज इलिनॉयमध्ये राहिले. नोव्हेंबर १९६७मध्ये त्यांनी 'म्युझिसर्कस' केलं ते स्टॉक पॅव्हिलियनमध्ये, म्हणजे जिथे गुराढोरांची प्रदर्शनं भरतात त्या इमारतीत. ज्याला वाजवायचं आहे त्याने यावं, सगळ्यांनी एकाच वेळी वाजवावं, ऐकणाऱ्यांनी हवं तिथे फिरावं. त्यानंतर केज आणि हिलर यांनी मिळून 'एचपीएससीएचडी' हे काम केलं. १६ मे १९६९. जागा असेंब्ली हॉल, म्हणजे बास्केटबॉलचे सामने होतात तो काँक्रीटचा प्रचंड घुमट. सात हार्पसिकॉर्ड, संगणकावर तयार केलेल्या पन्नासहून अधिक ध्वनिफिती, पडद्यांवर चित्रफिती आणि नासाकडून आणलेल्या अवकाशाच्या पारदर्शिका. सुमारे पाच तास. हजारो माणसं आली, फिरली, बसली, बाहेर जाऊन परत आली. दोन्ही कार्यक्रम 'फेस्टिव्हल ऑफ कंटेम्पररी आर्ट्स'च्या वेळापत्रकातले नव्हेत, पण दोन दशकं त्या महोत्सवाने गावाला जी सवय लावली होती, तिच्यावरच ते उभे राहिले.

त्याच वर्षी 'एचपीएससीएचडी'ची तबकडी निघाली. प्रत्येक प्रतीसोबत संगणकाने छापलेला एक कागद होता आणि प्रत्येक कागद वेगळा. घरी बसून ऐकणाऱ्याने त्या कागदाप्रमाणे आवाजाची बटणं फिरवत राहायची. बॅबिट यांच्या शिष्याने श्रोत्याच्या हाती बटणं दिली! गुरूच्या युक्तिवादाला यापेक्षा सभ्य उत्तर कोणी दिलं असेल असं मला वाटत नाही.

इथे हिशेबनीस मध्येच बोलेल: ती गर्दी दिवे आणि झगमगाट बघायला आली होती, संगीत कळून नव्हे. असेल. पंढरीच्या वारीत चालणाऱ्या प्रत्येकाला ज्ञानेश्वरी कळलेली असते का? लोक एखाद्या ठिकाणी अर्धवट कारणाने येतात आणि तिथे भलतंच काही घेऊन जातात, हे कोणत्याही सार्वजनिक जागेचं लक्षण आहे. कळण्याची परीक्षा दाराशीच घ्यायची ठरली तर आपलं शास्त्रीय संगीतही आज रात्रीत बंद करावं लागेल.

आणि हो, माझी आवड विचाराल तर मला 'एचपीएससीएचडी' ऐकवत नाही. तासाभराच्या आत डोकं उठेल. याउलट बॅबिट यांचं 'फिलोमेल' मला अप्रतिम वाटतं: १९६४ची रचना, एक जिवंत गायिका, तिच्याच आवाजाचं मुद्रण आणि सिंथेसायझर. पण 'फिलोमेल' आजवर जगलं कशावर? बेथनी बीअर्डस्ली यांच्यासाठी ते लिहिलं गेलं, त्यांनी ते लोकांसमोर गायलं आणि त्यांच्यानंतर इतर गायिकांनी गायलं म्हणून. ज्या खोलीभर पसरलेल्या आरसीए सिंथेसायझरवर बॅबिट यांनी इलेक्ट्रॉनिक काम केलं, ज्याच्यामुळे वादकाची आणि सभागृहाची गरजच उरणार नाही असं वाटत होतं, तो सत्तरच्या दशकात मोडतोड होऊन निकामी झाला. बॅबिट वाद्यांकडे आणि वादकांकडे परतले आणि अखेरपर्यंत त्यांच्यासाठी लिहीत राहिले. स्टीफन सोंडहाइमसारखा ब्रॉडवेचा अव्वल संगीतकार त्यांच्याकडे शिकला. माणूस त्याच्या लेखापेक्षा मोठा होता. आपल्याकडे मात्र लेखच उद्धृत होतो.

पैशाच्या प्रश्नाला बगल दिली असं वाटायला नको. इलिनॉयच्या आवारातच 'मॉरो प्लॉट्स' नावाची शेताची एक पट्टी आहे. १८७६पासून तिथे पिकांच्या फेरपालटीचे आणि खतांचे प्रयोग चालू आहेत. अमेरिकेतलं ते सगळ्यात जुनं प्रायोगिक शेत. मक्यावर सावली पडू नये म्हणून शेजारचं ग्रंथालय जमिनीखाली बांधलं. ते उघडलं १९६९मध्ये, म्हणजे 'एचपीएससीएचडी'च्याच वर्षी. या पट्टीतून नफा किती निघतो, असं कोणी विचारत नाही. तिच्यातल्या काही भागांना मुद्दाम खत घालत नाहीत. पीक खुरटतं आणि खुरटलेलं पीकच माहिती देतं. राहुरीच्या किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या प्रायोगिक शेतावर उभं राहून 'हे पीक बाजारात खपेल का' असं विचारणारा शेतकरी महाराष्ट्रात सापडणार नाही. पण शेतकरी तिथे जातो, बघतो, शिवारफेरी करतो. ते शेत कुंपणात असलं तरी बघण्यासाठी खुलं आहे. मला महोत्सवाबद्दल एवढंच म्हणायचं आहे: खपण्याची अट नको आणि दार उघडं हवं. बॅबिट यांना पहिली गोष्ट हवी होती, दुसरी नको. हिशेबनिसाला दुसरी चालेल, पहिली नाही.

अमेरिकेतल्या मक्याच्या गावची गोष्ट इथे कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी जवळची उदाहरणं आहेत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५०मध्ये ललित कला विभाग सुरू झाला. नारायण श्रीधर बेंद्रे तिथे शिकवत. साठच्या दशकापासून तिथली फाइन आर्ट्सची जत्रा गाजू लागली. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा मोठा चित्रकार जत्रेसाठी खेळणी करत बसे. विद्यार्थी मुखवटे, बाहुल्या, मातीच्या वस्तू करत आणि बडोदेकर लहान मुलांना घेऊन त्या विकत घ्यायला येत. या कामाने तिथल्या कोणाची कला उथळ झाली नाही. दादरला छबिलदास शाळेने १९७४मध्ये आपलं सभागृह 'आविष्कार' या नाट्यसंस्थेला दिलं, तेव्हाही प्रेक्षक मोजकेच असत. पण ते बाहेरचे असत, तिकीट काढून येत आणि नाटक नाही आवडलं तर जिन्यात तसं सांगत. मराठी प्रायोगिक नाटकाला त्या जिन्याने जे दिलं ते कोणत्या विद्यापीठाच्या नाट्यविभागाने दिलं?

आता आपल्या विद्यापीठांकडे बघा. एका बाजूला युवा महोत्सव. स्थळचित्र, कोलाज, पोस्टर, मातीकाम, व्यंगचित्र, रांगोळी, अलीकडे मांडणशिल्पही. दोन-अडीच तासांत चित्र पूर्ण करायचं, पाच मिनिटांत मूकाभिनय. संगीतात शास्त्रीय, सुगम, समूहगीत, लोकवाद्यवृंद. गर्दी अफाट, उत्साह खरा. महाविद्यालयांचे संघ रात्र रात्र तालमी करतात. पण प्रत्येक प्रकाराला परीक्षक, प्रत्येक परीक्षकाकडे गुणपत्रिका आणि शेवटी फिरता चषक. विद्यार्थ्याने स्वतः रचलेलं, कशातच न बसणारं काही या यादीत कुठे घालायचं? घातलं तर गुण कोणत्या रकान्यात द्यायचे? दुसऱ्या बाजूला संगीताचे आणि चित्रकलेचे विभाग. तिथे नवं काही घडलंच तर ते वार्षिक प्रदर्शनात किंवा परीक्षेच्या खोलीत घडतं, बघायला शिक्षक, पालक आणि दोन मित्र. म्हणजे जिथे लोक आहेत तिथे नवं काम नाही आणि जिथे नवं काम आहे तिथे लोक नाहीत. बॅबिट यांचा लेख न वाचताच आपण त्यांची योजना अमलात आणली आहे.

नवं काम लोकांपुढे आणलं की भावना दुखावतात, गोंधळ होतो, म्हणून बंद दाराआड बरं, असाही एक व्यवहारी सल्ला विभागप्रमुखांना मिळतो. सल्ला देणाऱ्यांना अनुभव असेल. पण बडोद्यात २००७मध्ये ज्या कामांवरून गदारोळ झाला ती विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी विभागात मांडलेली होती, जत्रेत नव्हे. बंद दाराने त्यांचं रक्षण झालं नाही. ज्या गावाला बघण्याची सवयच नाही, तिथे कोणीही बाहेरचा येऊन बघितलेलं नसलेल्या चित्राबद्दल गावाला भडकवू शकतो.

तेव्हा कुलगुरूंना, अधिसभेच्या सदस्यांना आणि विद्यार्थी विकास विभागांना माझी मागणी मोजकी आहे. युवा महोत्सव आहे तसाच चालू द्या, चषकही वाटा. त्याच्याच शेवटी एक रात्र आणखी जोडा. क्रीडा सभागृहात, विनामूल्य, गावातल्या कोणालाही प्रवेश. संगीत, चित्र, अभियांत्रिकी, शेतकी, कोणत्याही विभागाच्या विद्यार्थ्याने स्वतः केलेलं काहीही तिथे मांडावं, वाजवावं. तालमीसाठी एक महिना जागा द्या आणि साहित्याचा खर्च द्या. नियमावलीत फक्त एक कलम घाला: या रात्रीला परीक्षक नसतील.